कावायाहाओ: होनोलुलूचं प्रवाळी चर्च बघायला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईच्या होनोलुलूत राहायला आल्यापासून आमच्या घरी पाहुण्यांचा राबता आहे. पुण्याची मावशी, नगरचे काका-काकू, वसईचे मित्र, कॅलिफोर्नियातली भाचरं. पहिला दिवस वायकिकीच्या वाळूत जातो, दुसरा पर्ल हार्बरला. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना किंग स्ट्रीट आणि पंचबोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आणून उभं करते. समोर घड्याळाचा चौकोनी मनोरा, मागे मळकट पांढऱ्या भिंती. मग प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी जवळपास तेच. शेवटी लिहून काढले.

नाव नेमकं कसं म्हणायचं?

का-वाइ-आ-हा-ओ. शेवटच्या ‘हा’ आणि ‘ओ’च्या मध्ये श्वास क्षणभर अडवायचा, गिळल्यासारखा. हवाईयन भाषेत हा अडवलेला श्वास म्हणजे एक अख्खं व्यंजन धरतात आणि त्याला ‘ओकिना’ म्हणतात. ‘वाइ’ म्हणजे गोडं पाणी. हाओ नावाची एक उच्चकुळातली स्त्री इथल्या झऱ्यावर स्नानाला येत असे, म्हणून ‘हाओचं पाणी’. झऱ्याची आठवण म्हणून त्याचा दगड चर्चच्या आवारात जपून ठेवलाय. चर्चला एखाद्या संताचं नाव नाही, पाणवठ्याचं आहे, ही गोष्ट आमच्या मावशीला फार आवडली. ‘आपल्याकडे नाही का, विहिरीवरचा मारुती,’ म्हणाली.

पोवळ्याचं चर्च म्हणजे लालभडक असेल ना?

नाही, आणि इथेच निम्म्या पाहुण्यांचा हिरमोड होतो. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं वेगळं, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. हे चर्च बांधलंय होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या प्रवाळभित्तीतून काढलेल्या चिऱ्यांनी. रंग ताकासारखा, कुठे पिवळट, खिडक्यांखाली पावसाच्या ओघळांनी काळवंडलेला.

लांबून बघितलं तर साधा दगडच वाटतो. म्हणून मी प्रत्येकाला भिंतीपाशी नाक लावायला सांगते. जांभ्याला असतात तशी भोकं दिसतात, पण जांभ्याची भोकं वेडीवाकडी आणि इथली आखीव: कुठे ताऱ्यासारखी, कुठे मेंदूच्या वळ्यांसारखी नागमोडी रेघ, मध्येच एखादी अर्धी शिंपली रुतलेली. ही प्रवाळाच्या जिवांची घरटी. हात फिरवला तर खरवडतं. कोकणातला माणूस याला पांढरा जांभाच म्हणेल.

असे सुमारे १४,००० चिरे लागले, आणि एकेकाचं वजन हजार पौंडांच्या वर, म्हणजे साडेचार क्विंटल. हे काढायचे कसे? पाणबुडे दहा ते वीस फूट खोल बुडी मारायचे आणि एका श्वासात जितके घाव घालता येतील तितके घालून वर यायचे. ना नळी, ना चष्मा, साधी हत्यारं. चिरा सुटला की वर काढायचा, किनाऱ्याला आणायचा आणि तिथून ओढत जागेवर. जोडायला चुना, तोही प्रवाळ भाजूनच केलेला. म्हणजे दगडही समुद्राचा आणि चुनाही समुद्राचाच. काम चाललं १८३६ ते १८४२. त्याआधी याच भागात गवताने शाकारलेली चार चर्चेस एकामागून एक होऊन गेली होती.

वाळवीने मात्र या दगडी चर्चलाही सोडलं नाही. प्रवाळाला तिचे दात लागले नाहीत, पण छपराचं आणि आतलं लाकूड तिने पोखरलं आणि १९२०च्या दशकात मोठी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा भिंती जुन्या, आतलं बरंचसं नंतरचं, हे लक्षात ठेवून बघा.

म्हणजे मिशनऱ्यांनी बांधलेलं चर्च, बरोबर?

फलकावर एक नाव वाचून पाहुणे हे वाक्य म्हणतात आणि मी दर वेळी अडवते.

आराखडा हायरम बिंगहॅम या मिशनऱ्याचा, यात वाद नाही. तो अमेरिकेच्या व्हरमाँटचा. तिकडच्या गावांतली साधी, चौकोनी, सज्जेवाली चर्चेस डोळ्यांपुढे ठेवून त्याने हे आखलं. पण जमीन हवाईच्या सरदारांची, आज्ञा राजाची, लाकूड कोओलाउच्या डोंगरातलं, आणि बुड्या मारणारे, ओढणारे, रचणारे हात सगळे हवाईयन. सरदारांच्या शब्दाखातर माणसं कामाला येत. श्रद्धा कुठे संपते आणि वेठ कुठे सुरू होते, ती रेघ तेव्हा पुसटच होती. राजा होता तिसरा कामेहामेहा, म्हणजे काउइकेआओउली. वयाने तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेरचा.

गंमत म्हणजे बिंगहॅमने हे चर्च पुरं झालेलं पाहिलंच नाही. बायकोची तब्येत ढासळली म्हणून १८४० साली तो अमेरिकेला परतला, तो पुन्हा कधी आला नाही. २१ जुलै १८४२ला अर्पणविधी झाला, म्हणजे वास्तुशांतीला यजमान हजर आणि आर्किटेक्ट गैरहजर. (त्याच्याच नावाच्या नातवाने १९११ साली पेरूमधलं माचू पिचू जगापुढे आणलं. घराणंच भटकं.)

त्यानंतर इथे राजे शपथ घेत राहिले, राजघराण्यातली लग्नं लागत राहिली, पार्थिव देह दर्शनाला ठेवले गेले. १८५६ साली चौथा कामेहामेहा आणि एमा यांचं लग्न इथलंच. ‘पॅसिफिकचं वेस्टमिन्स्टर ॲबे’ असं याला म्हणतात. मला ती उपमा उसनी वाटते. आपल्या वाचकाला सांगायचं तर ही राजांची कुलदेवतेची जागा समजा, फक्त देव नवा आणि पोथी नवी.

पण हवाईच्या लोकांनी आपले देव इतक्या सहज सोडले?

सहज नाही, आणि मिशनरी आल्यामुळे तर मुळीच नाही. क्रम उलटा आहे. पहिला कामेहामेहा १८१९ साली वारला. जुन्या ‘कापू’ नियमांनुसार बायका-पुरुषांनी एका पंगतीला जेवायचं नाही, बायकांनी केळी, नारळ, डुकराचं मांस खायचं नाही. मोडलं तर देहदंडसुद्धा. राजाच्या मागे राहिलेल्या काआहुमानू आणि केओपूओलानी या राण्यांनी तरुण राजा लिहोलिहोला त्याच वर्षी बायकांच्या पंगतीला बसवलं. एका जेवणाने सोवळं मोडलं आणि त्यासोबत मंदिरांची सत्ताही कोसळली. पुढच्या वर्षी, १८२०त, ‘थॅडियस’ जहाजातून अमेरिकन मिशनरी उतरले तेव्हा गाभारा रिकामाच होता म्हणा ना. काआहुमानूने पुढे बाप्तिस्मा घेतला आणि नव्या धर्माचं बस्तान बसवलं. १८३० साली तिने हुला नाचावर जाहीर बंदी घातली, तेही सांगायला हवं. १८३२त ती वारली, चर्चचा पाया घालण्याआधी.

आणि मिशनरी निघाले ते तरी कशाने? ओपूकाहाइआ नावाचा हवाईचा एक अनाथ मुलगा जहाजावर चढून अमेरिकेला पोचला, कनेक्टिकटमध्ये शिकला, ख्रिस्ती झाला आणि १८१८ साली तिथेच वारला. ‘माझ्या बेटांवर कुणीतरी जा’ हा त्याचा ध्यास होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर बोस्टनच्या मंडळाने माणसं जमवली.

नगरला अमेरिकन मिशन आहे, ते आणि हे एकच का?

हो! नगरच्या काकांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांना तिथेच चहा पाजायचं कबूल केलं. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेलं परदेशी मिशनांचं जे अमेरिकन बोर्ड, त्याचीच माणसं आधी १८१३ साली मुंबईत उतरली आणि मग १८२०त हवाईत. म्हणजे या हिशेबात मराठी मुलूख हवाईचा थोरला भाऊ.

दोन्हीकडे त्यांनी हाती घेतलेलं एक मोठं काम छापखान्याचं. होनोलुलूत जानेवारी १८२२मध्ये पहिलं पान छापलं गेलं. हवाईयन भाषेला लिपी नव्हती, ती रोमन अक्षरांत बसवताना ‘र’ की ‘ल’, ‘त’ की ‘क’ असे वाद झाले. लोक दोन्ही बोलायचे. शेवटी १८२६त मिशनऱ्यांनी चक्क मतदान घेऊन अक्षरं कमी केली. म्हणून ‘होनोरुरु’ असंही लिहिलं जाणारं गाव कायमचं ‘होनोलुलू’ झालं. संपूर्ण बायबल १८३९ साली हवाईयनमध्ये तयार होतं. मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसने मराठी मुद्रणाला वळण लावलं. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी पोरवयात खिळ्यांचं काम तिथेच शिकले. आणि ज्या १८४२त कावायाहाओचा अर्पणविधी झाला, त्याच वर्षी नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं.

फरकही मोठा आहे. मराठी मुलखात मिशन एका कोपऱ्यात राहिलं, शाळा-दवाखान्यांमधून पसरलं. इथे ते थेट राजाच्या कानाशी बसलं. त्याचे परिणाम काय झाले ते पुढे येतंच.

आत बघण्यासारखं काय आहे?

सोन्याचा मुलामा नाही, रंगवलेलं छत नाही, मूर्ती नाहीत. गोव्याची चर्चेस पाहून आलेले पाहुणे पहिल्या मिनिटाला म्हणतात, ‘एवढंच?’ हे प्रोटेस्टंट चर्च आहे, तेही साधेपणाचा अभिमान असलेल्या पंथाचं. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, उंच खिडक्या, व्यापारी वारे आरपार.

मान वर करा. माडीच्या सज्ज्यात ओळीने हवाईच्या राजघराण्यातल्या स्त्री-पुरुषांची २१ तैलचित्रं लावलीत. चर्चच्या भिंतीवर येशूच्या जीवनातले प्रसंग असतील अशी आपली अपेक्षा, आणि इथे वरून बघतात ते राजे आणि राण्या. खाली सगळ्यात मागची बाकं राजघराण्यासाठी राखीव. मागची का, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे मान पुढच्या रांगेत. इथे मागे बसून सगळ्या जमावावर नजर राहते, आणि राजाकडे पाठ करायला लागते ती प्रजेला, ईश्वराकडे तोंड करून. त्या बाकांपाशी उंच काठ्यांवर पिसांचे मोठे गोंडे उभे असतात. त्यांना ‘काहिली’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकून आमच्याकडे सगळे उकाड्यावर विनोद करतात. ती राजचिन्हं आहेत, आपल्या चवऱ्या-अब्दागिऱ्यांसारखी. हात लावू नका.

मनोऱ्यावरचं घड्याळ चालतं का?

चालतं. ते तिसऱ्या कामेहामेहाने १८५० साली दिलं, बोस्टनला बनलेलं आहे, आणि त्याच्याच नावाने ओळखलं जातं: काउइकेआओउली घड्याळ. तास ऐकायचा असेल तर पाच मिनिटं आधी अंगणात येऊन थांबा.

फाटकाजवळची छोटी इमारत कुणाची समाधी?

राजा लुनालिलोची. ही गोष्ट मी सावकाश सांगते.

पाचवा कामेहामेहा वारस न नेमता गेला. तेव्हा गादीवर कोण, हे ठरवायला लोकांचा कौल घेतला गेला आणि मग विधिमंडळाने शिक्का मारला. लुनालिलो असा निवडून आलेला राजा. शपथविधी जानेवारी १८७३मध्ये याच चर्चमध्ये झाला. लोक त्याला ‘लोकांचा राजा’ म्हणत. राज्य केलं जेमतेम तेरा महिने. क्षयाने फेब्रुवारी १८७४मध्ये तो वारला, वय ३९.

राजघराण्याचं दफनस्थान नुउआनूच्या खोऱ्यात वेगळं आहे, मौना आला. तिथे न जाता आपल्या लोकांच्या जवळ, चर्चच्या अंगणात ठेवा, अशी त्याची इच्छा. म्हणून ही स्वतंत्र समाधी. त्याची मालमत्ता हवाईयन वंशाच्या वृद्ध आणि गरीब लोकांची सोय करण्यासाठी ठेवली गेली आणि त्यातून निघालेला वृद्धाश्रम आजही त्याच्याच नावाने चालतो. समाधीच्या कठड्यावर बहुतेक वेळा कुणीतरी वाहिलेला फुलांचा हार असतो, अर्धा सुकलेला. तुम्हालाही वाहावासा वाटला तर वाहा, फक्त प्लॅस्टिकचा नको.

हवाईचं बोधवाक्य इथूनच आलं म्हणतात?

हो. फेब्रुवारी १८४३मध्ये जॉर्ज पॉलेट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने तोफांचा धाक दाखवून राज्य ताब्यात घेतलं. पाच महिन्यांनी त्याचाच वरिष्ठ, ॲडमिरल रिचर्ड थॉमस आला आणि ३१ जुलैला त्याने ते राजाला परत केलं. इंग्रजांनी घेतलेलं राज्य परत दिलं, हे मराठी माणसाला दोनदा सांगावं लागतं. त्या दिवशी आभार मानायला सगळे कावायाहाओत जमले आणि तिसरा कामेहामेहा म्हणाला, ‘उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो.’ ‘एआ’ म्हणजे श्वास, प्राण, आणि सार्वभौमत्वसुद्धा. ‘पोनो’ म्हणजे जे योग्य, न्याय्य, नीट घडी बसलेलं. भूमीचा प्राण न्यायाने टिकतो, असा साधारण भाव. आज तेच वाक्य अमेरिकेच्या एका राज्याच्या मुद्रेवर आहे. ज्या राज्याचा प्राण टिकला म्हणून ते उच्चारलं गेलं, ते राज्य मात्र उरलं नाही.

मिशनऱ्यांच्या मुलांनीच राज्य बुडवलं, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी. दोन पिढ्यांत मिशनऱ्यांच्या वंशजांपैकी अनेक जण ऊस, जमीन आणि कायद्याच्या धंद्यात शिरले. १७ जानेवारी १८९३ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांत पुढे होते ते लोरिन थर्स्टन आणि नव्या सरकारचे प्रमुख झालेले सॅनफर्ड डोल. दोघेही मिशनरी घराण्यातले. अमेरिकेच्या युद्धनौकेवरचे सैनिक तेव्हा बंदरातून किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८त अमेरिकेने बेटं जोडून घेतली.

पण याच चर्चकडून गोष्ट सांगितली की ती इतकी सरळ राहत नाही. राणी स्वतः इथली. तरुणपणी इथे ऑर्गन वाजवायची, गायकवृंद सांभाळायची. १९१७ साली ती वारली तेव्हा तिचा देह दर्शनासाठी इथेच ठेवला होता. ज्या धर्माच्या पाठीमागून राज्य गेलं, तोच धर्म राणीने शेवटपर्यंत सोडला नाही. हवाईयन भाषा शाळांतून हद्दपार झाली तेव्हा ती ज्या थोड्या जागी मोठ्याने ऐकू येत राहिली, त्यांत ही बाकं होती. म्हणून मी म्हणते की हे चर्च मिशनऱ्यांच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. हवाईच्या लोकांनी ते केव्हाच आपलं करून घेतलंय.

१९९३ साली, राज्य जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा, ज्या संप्रदायात हे चर्च मोडतं त्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने या पापातल्या आपल्या वाट्याबद्दल हवाईयन लोकांची जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसनेही माफीचा ठराव केला.

प्रवेशाला तिकीट आहे का? कधी उघडं असतं?

तिकीट नाही. दानपेटी आहे, हात आखडू नका. मिठाच्या हवेत प्रवाळाची डागडुजी स्वस्त नसते. आवारात दिवसा फिरता येतं. आतला भाग मात्र लग्न, अंत्यविधी किंवा दुरुस्तीमुळे अचानक बंद मिळू शकतो, तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. आमची सासरची मंडळी एकदा दुपारच्या उन्हात बंद दारासमोर वीस मिनिटं उभी होती. चूक माझी, फोन मी केला नव्हता. आत बसायची खात्रीची वेळ एकच: रविवारची सकाळ.

आम्ही ख्रिस्ती नाही. रविवारच्या उपासनेला बसलं तर चालेल?

चालेल आणि बसाच. मागच्या राखीव बाकांवर सोडून कुठेही. उपासना इंग्रजी आणि हवाईयन अशा दोन्ही भाषांत मिसळून चालते. धर्मगुरूंना इथे ‘काहू’ म्हणतात, म्हणजे राखणारा, सांभाळणारा. गाणी सुरू झाली की कळेल मी का आग्रह करते. शब्द कळत नाहीत, पण शब्द जवळजवळ सगळे स्वरांनीच बनलेले, त्यामुळे आवाज कुठे अडतच नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं, तसं इथे तो हवाईयन सुरात आलाय. प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस फिरला तर नको असल्यास हसून पुढे द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही.

राजे-राण्यांच्या जन्मदिनांच्या आसपास ‘आलिई संडे’ होतात. जुन्या हवाईयन मंडळांचे लोक काळ्या पोशाखात, खांद्यावर पिवळे-लाल झगे घेऊन रांगेने येतात. तुमची तारीख जुळली तर तो रविवार सोडू नका.

घरून थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांसाठी: भारत हवाईच्या साडेपंधरा तास पुढे. इथे रविवारी सकाळचे नऊ म्हणजे तिकडे सोमवारची उजाडती मध्यरात्र, साडेबारा.

१९५९ साली इथे काय झालं होतं?

हवाईला राज्याचा दर्जा द्यायचं विधेयक काँग्रेसने मंजूर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, काहू एब्रहम अकाका यांनी इथे केलेलं प्रवचन प्रसिद्ध आहे. काही जण जल्लोषात, काही जण धास्तावलेले, आणि त्यांनी दोघांना धरून ‘अलोहा’ या शब्दाचा अर्थ उलगडला. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या १९६५च्या सेल्मा मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या गळ्यात जे पांढरे हार दिसतात, ते याच अकाकांनी पाठवलेले. पुढच्या वेळी तो फोटो दिसला की गळ्याकडे बघा.

चपला बाहेर काढायच्या का? डोकं झाकायचं का?

चर्चमध्ये चपला काढत नाहीत. मात्र हवाईत कुणाच्याही घरी गेलात तर दाराबाहेर काढाच. उंबऱ्याशी चपलांचा ढीग बघून तुम्हाला आपलंच घर आठवेल. डोकं झाकायची गरज नाही, उलट पुरुषांनी टोपी काढायची. साडी, पंजाबी ड्रेस, फुलाफुलांचा अलोहा शर्ट, सगळं चालतं. पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून थेट वायकिकीहून येऊ नका.

फोटो काढता येतील?

बाहेर हवे तितके. आत उपासना किंवा लग्न चालू नसेल तर, फ्लॅश बंद ठेवून. दुसऱ्याच्या लग्नाच्या मागे उभं राहून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. दुर्दैवाने त्यांतले एक आमचेच.

आम्ही वसईचे कॅथलिक. मिस्सा कुठे मिळेल?

इथे नाही. चालत पंधरा-वीस मिनिटांवर फोर्ट स्ट्रीटला अवर लेडी ऑफ पीस कॅथीड्रल आहे, तिथे जा. तेही प्रवाळाच्याच चिऱ्यांचं आणि कावायाहाओच्या पाठोपाठ, १८४३त पुरं झालेलं. मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन राहिलेले आणि त्यांच्यातच गेलेले फादर डेमियन यांची गुरुदीक्षा १८६४ साली याच ठिकाणी झाली. २००९मध्ये ते संत घोषित झाले. आमच्या वसईच्या मित्राने तिथे गुडघे टेकले आणि अर्धा तास उठलाच नाही.

कसं यायचं?

वायकिकीपासून पाचेक किलोमीटर. डाउनटाउनला जाणाऱ्या बस आहेत. गाडी आणलीत तर पार्किंगसाठी सुटे पैसे आणि सबुरी दोन्ही ठेवा. रस्ता विचारलात तर स्थानिक माणूस उत्तर-दक्षिण सांगत नाही. ‘माउका’ म्हणजे डोंगराच्या अंगाला, ‘माकाइ’ म्हणजे समुद्राच्या अंगाला. कोकणी माणसाला हे लगेच समजतं.

भारतातून थेट विमान नाही. टोकियोवरून या किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून. सॅन फ्रान्सिस्कोहून पाच-सहा तास लागतात. व्हिसा अमेरिकेचाच.

शेजारी आणखी काय बघावं?

लगतच मिशन हाउसेसचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. तिथलं लाकडी घर १८२१चं, बोस्टनहून कापलेली लाकडं जहाजात घालून, केप हॉर्नला वळसा घालून आणलेली. उष्ण बेटावर थंडीच्या मुलखातलं घर: छत बुटकं, खिडक्या लहान. आत पाच मिनिटं उभं राहिलं की घामाने कळतं, या लोकांना आपण कुठे आलोय हे समजायला वेळ लागला असणार. समोरच्या अंगाला इओलानी राजवाडा, राजवाड्यासमोर रस्त्यापलीकडे पहिल्या कामेहामेहाचा पुतळा. जूनमध्ये त्याला वीत-वीत नव्हे, वाव-वाव लांबीचे हार घालतात. राजवाडा रविवारी सहसा बंद असतो, म्हणून उपासना आणि राजवाडा एका दिवसात बसवू नका.

शाकाहारींचं काय?

सांभाळून. ‘पोइ’ म्हणजे अळकुड्या उकडून कुटलेली जांभळी खीर म्हणा, ती निर्धास्त खा. ‘लाउलाउ’ मात्र फसवतं. वरून अळूची पानं दिसतात, आत डुकराचं मांस नाहीतर मासे. आमच्या आत्याने ‘अगं, हे तर अळूचंच’ म्हणून ताट पुढे ओढलं होतं. वेळेवर ओरडले म्हणून निभावलं.

आवारातल्या हिरवळीवर डबा खाल्ला तर?

नको. चर्चभोवती आणि मागे दफनभूमी आहे, आणि खुणा नसलेली थडगीही बरीच. इथे नवी इमारत उभी करायला २००९च्या सुमारास पाया खणायला घेतला तेव्हा शेकडो पूर्वजांच्या अस्थी निघाल्या. वंशज कोर्टात गेले, काम थांबलं. हवाईयन माणसाला पूर्वजांची हाडं म्हणजे साक्षात ते पूर्वजच. पायवाटेवरून चाला. डब्यासाठी रस्त्यापलीकडे, नगरपालिकेच्या बाजूला, सावली आहे.

भिंतीचा किंवा किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणता येईल?

भिंतीला नख लावू नका, आणि समुद्रातलं प्रवाळ तोडणं वा उचलणं इथे गुन्हा आहे. प्रवाळाला घातक ठरलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं सनस्क्रीन विकण्यावरही २०२१पासून बंदी आहे, तेव्हा भारतातून आणलेल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून घ्या. नगरच्या काकांनी यावर उपाय काढला. वहीचं कोरं पान भिंतीवर धरलं आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली. पानावर चांदण्या उमटल्या, मधे अर्धी शिंपली. रखवालदाराने ते पान हातात घेऊन पाहिलं, हसला आणि परत दिलं.